मडिवाळप्पाला वाणी द्यावी की दम

लातूर,
रविवार, २१ फेब्रुवारी २०१६

निवृत्ती, एकाच बाकावरच्या माझ्या भागीदारा,

आज रविवार, म्हणजे आपला भांडायचा वार. फोन करू नकोस. फोनवर तू मध्ये मध्ये ‘हां, हां’ करतोस आणि माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचतच नाही. पत्र तुला निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

बातमी वाईट आहे. शुक्रवारी, माझ्या पाळीत, मडिवाळप्पा पुन्हा मेला. राक्षसानं मारला असता तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. चौथ्या गडाच्या पायरीवर एका साध्या रानडुकरानं त्याला शिंगांच्या शिरस्त्राणासकट दरीत ढकललं.

तुझ्या लेकीनं, पंचशीलानं, आपल्याला ‘सप्तदुर्ग’ हा खेळ कॉम्प्युटरवर लावून दिला, तेव्हा ती म्हणाली होती, दोघांत मिळून एकच गडी घ्या, म्हणजे तुमचं रोज बोलणं होईल. कसलं होतंय! सोम-बुध-शुक्र मी खेळतो, मंगळ-गुरु-शनि तू. एका देहात राहूनही आपली भेट नाही. तरी त्याला उदगीरच्या आपल्या शाळेतल्या घंटावाल्याचं नाव दिलं, ते फार बरं केलं. देशोदेशींच्या योद्ध्यांच्या गर्दीत इंग्रजी अक्षरांत ‘मडिवाळप्पा’ झळकतं, तेव्हा मला थेट मधल्या सुट्टीची घंटा ऐकू येते. आपल्या गटाचं ‘उदगीर जिल्हा’ हे नावही तसंच. लातूरचा जिल्हा झाला त्या दिवशी पेढा तोंडात धरून तू म्हणाला होतास, ‘आता पुढचा नंबर उदगीरचा.’ आपले केस पांढरे झाले, नंबर काही लागला नाही. निदान सप्तदुर्गात तरी जिल्हा झाला.

आता मुद्दा. गडी एक पातळी वर चढला की खेळ आपल्याला गुण देतो. ते एकदा ज्या शक्तीला दिले, ते परत घेता येत नाहीत. म्हणून मी शांत डोक्यानं विचार करून बळ, चपळाई, दम, बुद्धी, वाणी आणि नशीब या सहाही शक्तींना सारखे वाटले. आपला गडी एकाही विषयात नापास नाही. असं असून तो रानडुकराकडून मरतो, हा अन्याय नव्हे काय?

नळाचं विचारशील. नळ जागेवर आहे, पाणी तेवढं नाही.

ज्याचं म्हणणं अजून कुणी पुरतं ऐकलेलं नाही असा तुझा,
रेणुकादास


नांदेड,
रविवार, २८ फेब्रुवारी

रेण्या,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. मधी एकदा चहा घ्यावा लागला.

अरे गुरुजी, सहा विषयांत पस्तीस-पस्तीस देऊन पोरगं दहावी पास होतं, गड चढत न्हाई! जन्मभर पेपर तपासलेस, आता राक्षसांच्या गावातबी काठावर पास करून राहिलास. मी सगळी नोकरी किनवटच्या लाइनीवर स्टेशनमास्तर म्हणून काढली. प्रत्येक डब्याला थोडं थोडं इंजिन लावलेली गाडी मी कधी बघितली न्हाई. इंजिन एक, ते पुढं. बाकीचे डबे मागून येतात. मडिवाळप्पाला बळ दे, दम दे. बाकी सगळ्यात नापास होऊ दे, त्याला काय नोकरी लावायची हाय?

आपल्या गटातला देवणीचा मन्मथ हाय ना, चारा छावणीवर जनावरं राखत मोबाइलवर खेळतो तो. त्यानं मला लिवलं, ‘काका, तुमचा गडी लई सज्जन हाय, पण कामाचा न्हाई.’ मला तुझीच आठवण आली.

आता माझा मुद्दा. तू एकटा माणूस. घर माडीवर, गुडघे गेलेले. टँकरचं पाणी खालून वर नेऊन राहिलास, हे मला तुझ्या शेजारच्या वीरण्णानं फोनवर सांगितलं. तू सांगितलं न्हाईस. इकडं ये. इथं गोदावरी हाय, नळाला सकाळ-संध्याकाळ धो धो पाणी हाय, मागची खोली रिकामी हाय. पाऊस पडला की जा परत. तवर दोघं एका टेबलावर बसून खेळू. पोस्टाचा धंदा बुडंल तो बुडू दे.

निवृत्ती


लातूर,
रविवार, ६ मार्च

इंजिनवाल्या निवृत्ती,

पस्तीसचा मुद्दा मान्य. हाताची सवय. कुणाला नापास करायचं म्हटलं की माझं पेन जड होतं.

तुझं इंजिनाचंही मान्य. पण ते बळाचं का असावं? मडिवाळप्पाला शाहीर करावा, असं माझ्या मनात आलं आहे. या खेळात शाहीर नावाची जात आहे आणि तिची सारी ताकद वाणीत. तो गाऊ लागला की समोरचा शत्रू जिथल्या तिथं थबकतो. उगारलेली तलवार हवेत तशीच राहते. गाणं चालू आहे तोवर तो हलत नाही, आणि तेवढ्यात आपल्या गटातले बाकीचे त्याचा समाचार घेतात. निवृत्ती, असं ज्याला सुचलं तो कुणी तरी कवितेचा मास्तर असला पाहिजे. आणि त्याचा वर्ग त्याचं ऐकत नसला पाहिजे.

मला माझा आठवीचा वर्ग आठवतो. दुपारचा तास, खिडकीत कडुनिंब, मी डोळे मिटून नदीची कविता म्हणतो आहे. शेवटचं कडवं संपवून डोळे उघडावेत, तर निम्मा वर्ग खिडकीतून खाली उतरलेला. आणि राहिलेले निम्मे झोपेत.

नांदेडला येण्याचं म्हणशील, तर आभार. पण इथं माझं काही अडत नाही. टँकरच्या रांगेत उभं राहावं लागतं, हे खरं. पण वेळ चांगला जातो. हा विषय पुन्हा काढू नकोस.

रेणुकादास


नांदेड,
रविवार, १३ मार्च

रेण्या,

‘वेळ चांगला जातो’? टँकरच्या रांगेत? ऊन लागलं का तुला?

शाहिराबद्दल मन्मथला विचारलं. तो म्हणतो, गाणं म्हणताना गड्याचा दम सरसर उतरतो. दम संपला की गाणं संपलं, आणि गाणं संपलं की शाहीर संपला, कारण तवर सगळी फौज त्याच्याच तोंडाकडं बघत उभी राहिलेली असते. म्हणजे भरल्या सभेत मार खायचा सरळ रस्ता. पण तुला तोच पाहिजे, तर होऊन जाऊ दे.

पैज लाव. तुझ्या पाळीतले गुण तू वाणीला दे, माझ्या पाळीतले मी बळाला देतो. मे महिन्यात सातवा गड उघडतो, काळगड. ती लढाई तुझ्या पाळीत, तुझ्या हातानं. गड घेतलास तर लातूर सोड असं मी पुन्हा तोंडातून काढणार न्हाई. मडिवाळप्पा पडला, तर घराला कुलूप घालायचं आणि पाऊस पडंपर्यंत नांदेडला येऊन राहायचं. निमूट.

हाय का तयारी?

निवृत्ती


लातूर,
रविवार, २७ मार्च

निवृत्ती, पैज मान्य.

आता पैज लागलीच आहे, तर मी काय पणाला लावलंय तेही तुला कळू दे. म्हणजे माझ्या वाणीत तू बळाची भेसळ कशी करतोस ते बघू.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. चौकात टँकरची वाट बघत आम्ही उभे. ऊन असं की बोलायला कुणाच्या तोंडात ओल नाही. मला आपली सवय. मी मनाशी नदीची कविता म्हणत होतो. मनाशी म्हणजे थोडी मोठ्यानं. माझ्या पुढं सरजाबाई उभ्या होत्या, भाजी विकतात त्या. त्यांनी मान वळवून विचारलं, ‘गुरुजी, काय म्हणून राहिलात?’ मी ओशाळलो. म्हटलं, काही नाही, जुनी कविता आहे. तर त्या म्हणाल्या, ‘मग नीट म्हणा की. पाणी तर न्हाई, कवितेतली तरी नदी बघू.’

मी म्हटली. संपूर्ण. आणि डोळे उघडले तर एकही माणूस गेलेला नव्हता!

तू म्हणशील, जातील कुठं? नंबर जाईल ना. हे मला कळतं, निवृत्ती. पण इतकी वर्षं खिडकीतून उतरणाऱ्या पाठी बघितलेल्या माणसाला हे कळून काय उपयोग? आता टँकर आला नाही की लोक मला शोधतात. वीरण्णा कळशी पालथी घालून मला बसायला देतो. मध्येच ओरडतोही, ‘गुरुजी, लई लांबलं, पुढं सरका, रांग हालून राहिली!’ मी सरकतो आणि पुढचं कडवं घेतो. परवा एका बाईनं टँकर आल्यावरसुद्धा ‘एवढं कडवं होऊ द्या’ म्हटलं. टँकर आल्यावरसुद्धा!

गेल्या आठवड्यापासून पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. पाचापेक्षा जास्त माणसं एका जागी नकोत. भांडणं होतात म्हणून, बरोबरच आहे. आता रांग पाच-पाचांच्या तुकड्यांत उभी करतात, मध्ये अंतर ठेवून. त्यामुळे मला तीच कविता प्रत्येक तुकडीपुढं नव्यानं म्हणावी लागते. तक्रार नाही. बंदोबस्ताचा शिपाई मला सहावा धरत नाही.

तर हे असं आहे. मी लातूर का सोडू?

रेणुकादास


नांदेड,
रविवार, ३ एप्रिल

रेणुकादास,

हसलो आधी. पंचशीलाला वाचून दाखवलं. तीबी हसली. मग मी पत्र घडी घालून ठेवलं, तर ते डोक्यातून जाईना.

आपण सहावीत होतो, तो उन्हाळा तुला आठवतो का? आमच्या वस्तीतलं पाणी आटलं. वरच्या आळीच्या आडाला आम्ही हात लावायचा न्हाई. माझी आई, धुरपताबाई, घागर घेऊन आडापासून लांब बसायची. कुणी बाई यायची. आधी स्वतःचं भरायची, मग दुसरीशी बोलत बसायची, मग मनात आलं तर वरून दोन पोहरे ओतायची. मनात न्हाई आलं तर आई पुढचीची वाट बघायची. तिला नंबर नव्हता, रेण्या. तुमच्या रांगेत नंबर तरी असतो.

त्याच दुपारी मी शाळेत तुझ्या शेजारी बसून नदीची कविता पाठ करून राहिलो होतो. तीच, जी तू चौकात म्हणतोस. मला अजून पाठ हाय.

तुला रांग नवी हाय म्हणून गोड लागते. तुझा राग न्हाई. कविता तुझी, घसा तुझा. फक्त ‘वेळ चांगला जातो’ असं मला पुन्हा लिवू नको.

पैज चालू हाय.

निवृत्ती


लातूर,
रविवार, २४ एप्रिल

निवृत्ती,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला तीनदा बसलो. आठ वर्षं एका बाकावर बसून तुझ्या घरी पाणी कुठून येतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. याच्या पुढं पेन सरकत नाही. म्हणून मडिवाळप्पाविषयी लिहितो.

तुझं पत्र आल्यावर दोन टँकर मी तोंड उघडलं नाही. सरजाबाईंनी विचारलं, ‘घसा बसला का?’ मी मान हलवली. त्यानंतर गावाला आगगाडीनं पाणी आलं. तुझ्याच खात्याची गाडी. इंजिन एक, पुढं, बरोबर तू म्हणतोस तसं. आता आमच्या भागात टँकर दारोदार फिरतो. नळी थेट टाकीत सोडतात. चौकात कुणी उभं राहत नाही. चांगलंच झालं. कळशा उचलायला नकोत.

माझ्या पाळीतले सगळे गुण मी या महिन्यात दमाला दिले. तुझ्या म्हणण्याला मान म्हणून समज, किंवा कसंही समज. एक गंमत मात्र सांगतो. मी काहीही न देता मडिवाळप्पाची वाणी आपोआप वाढते आहे! सरावानं वाढत असावी. मी वर्गात नेहमी हेच सांगत असे.

तुझं बळ कुठं दिसत नाही. तू खेळतोस ना? प्रकृती बरी आहे ना?

रेणुकादास


नांदेड,
रविवार, १ मे

आदरणीय रेणुकाका,
सप्रेम जय भीम.

बँकेला सुट्टी आहे आणि बाबा बाहेर गेलेत, तेवढ्यात लिहिते. मी लिहिलं हे त्यांना सांगू नका.

काका, वाणी सरावानं वाढत नाही हो! या खेळात काहीच आपोआप वाढत नाही. बाबांनी तुम्हाला ते आजीचं पत्र लिहिलं, स्वतः जाऊन पेटीत टाकलं, परत आले आणि चप्पलसुद्धा न काढता कॉम्प्युटरपुढं बसले. स्वतःच्या पाळीतले जमवून ठेवलेले सगळे गुण वाणीला देऊन टाकले. मी म्हटलं, ‘बाबा, असं केलंत तर तुम्ही पैज हराल. काका यायचे नाहीत.’ तर म्हणाले, ‘म्हणू दे त्याला. जन्मात पहिल्यांदा कुणी ऐकून राहिलंय, तर म्हणू दे.’ तेव्हापासून दर पाळीला तेच चाललंय.

दुसरं म्हणजे, इथंही नळ धो धो वगैरे काही नाही. नदीत पाणी नाही. आमच्या गल्लीतही टँकर येतो, आणि तो कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसतं. बाबा कळशी घेऊन उभे असतात. मी जाते म्हटलं तर ऐकत नाहीत. तुम्हाला खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग इथं काय वाईट आहे?

आई गेल्यापासून ते तुमच्या पत्राची वाट बघतात. पत्र आलं नाही की पोस्टमनला दारात उभं करून हिशेब मागतात. काका, पैज जिंका किंवा हरा, पण चार दिवस तरी येऊन जा.

तुमची,
पंचशीला


लातूर,
रविवार, १५ मे

निवृत्ती,

काळगड पडला. परवा शुक्रवारी, माझ्या पाळीत. पैज मी जिंकलो. लातूर सोड असं तू आता जन्मात म्हणू शकत नाहीस.

आता खरं काय घडलं ते ऐक. मी हरायला बसलो होतो. पंचशीलाचं पत्र आल्यापासूनच ठरवलं होतं. (तिनं तुला सांगू नका म्हटलं होतं, तर हे वाचून विसरून जा. तिला बोलू नकोस.) इथं माझं ऐकायला आता कोण आहे? परवा सरजाबाई रस्त्यात दिसल्या. मी थांबलो. त्यासुद्धा थांबल्या, हसल्या, म्हणाल्या, ‘गुरुजी, आता पाणी दारात आलं, मागची कामं लई तुंबलीत.’ आणि गेल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही. दारात पाणी आलेल्या बाईनं कामच करावं.

तेव्हा म्हटलं, मडिवाळप्पा पडू दे. म्हणजे पैज हरलेला माणूस म्हणून मानानं कुलूप घालता येईल. आपण होऊन येतो म्हणायला माझी जीभ वळत नव्हती.

काळगडाच्या दरवाजात पाषाणाचे पहारेकरी उभे. दरवाजाभर पसरलेले. मी गाण्याची कळ दाबली आणि ते थबकले. गाणं चालू ठेवायचं म्हणजे कळ नुसती दाबून धरायची. बोट उचललं की संपलं, मडिवाळप्पा पडतो आणि मी नांदेडच्या गाडीत बसतो. एवढंच करायचं होतं. बोट उचलायचं.

निवृत्ती, ते सगळे माझ्याकडं बघत होते. एकानंही जांभई दिली नाही. एकही खिडकीकडं सरकला नाही. मला वाटलं, एवढं कडवं होऊ द्यावं. मग वाटलं, आता पुढचंही. म्हटलं, दम तरी संपेल, तू म्हणाला होतास तसा. कुठला संपतो! मीच महिनाभर भरून ठेवलेला, आणि वाणी तू भरलेली. दोघांनी मिळून असा गडी घडवून ठेवला होता की त्याला हरणं जमेना. मी डोळे मिटले. शेवटी पडद्यावर मन्मथचं आलं, ‘काका, बास करा. सगळे कधीच मेलेत, तुम्ही एकटेच गाऊन राहिलात.’

तर असा मी जिंकलो. तुला पाहिजे होतो तो मी तुला मिळालो नाही, आणि मला पाहिजे होती ती रांग मला राहिली नाही. आपली दोघांची बुद्धी एकत्र केल्यावर याहून वेगळं काय होणार होतं?

म्हणून जिंकलेल्याच्या अधिकारानं आता मी अट घालतो. बुधवारी सकाळच्या बसनं निघतो. खोली झाडून ठेव. धो धो नळाचं तू बोलायचं नाही, मी विचारणार नाही. टँकर येईल तेव्हा आपण दोघं खाली जाऊ. रांगेत तुझी कळशी पुढं, माझी तिच्या मागं. नदीची कविता तिथं म्हणायची की नाही, हे तू ठरव. तू नको म्हणालास तर मी गप्प उभा राहीन. मनाशीही म्हणणार नाही. आणि म्हण म्हणालास, तर पहिलं कडवं तू म्हणायचं. तुला अजून पाठ आहे, असं तूच पत्रात लिहिलं होतंस.

ठरवायला घाई करू नकोस. पंचशीला म्हणते, तुमचा टँकर उशिरा येतो.

रेणुकादास